बोलायची सक्ती नाही

सुभेदार नारायण मिराशी यांची आणि माझी पहिली भेट मी चोर ठरत असताना झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात ही सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. संपादकांना खोडायची तर खोडोत, पण आमची ओळख तिथलीच आहे.

मी रामनगरजवळच्या बाजारकुणंग गावचा. पलटणीत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कंपनीच्या भांडारातून एक दुर्बीण नाहीशी झाली आणि तिला शेवटचा हात माझा लागला होता. आमच्या गावची रीत अशी, की सामाईक कामात वस्तू हरवली तर शेवटी ज्याच्या हाती होती तो देवळासमोर उभा राहून ‘चूक माझी’ म्हणतो आणि नारळ ठेवतो. गावचे मानकरी, म्हणजे गावकर, त्याच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात, विषय मिटतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही. हवालदारांनी तंबूत बोलावून विचारलं तेव्हा मी तेच केलं. ताठ उभा राहून म्हणालो, “चूक माझीच हाय, साहेब.”

नारळ कुणी मागितला नाही. हवालदारांनी ‘दुर्बीण मी घेतली’ असं कागदावर लिहिलं आणि तो माझ्यापुढे सरकवला. “सही कर, मग तुझ्या सुट्टीचं बघतो.” सुट्टी! कापणी जवळ आली होती. लोंढ्याला गाडीतून उतरायचं, रामनगरहून पुढची बस धरायची, आणि मग ओल्या भाताचा तो वास. कितीतरी महिने मी एवढ्यावरच जगत होतो. मी पेन उचललं.

तेवढ्यात मिराशीसाहेब तंबूत आले. तेव्हा ते नायब सुभेदार होते. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, “ह्याच्यावर संशय हाय, हे ह्याला सांगितलं काय? गप्प बसायचा हक्क हाय, हे सांगितलं?”

“सांगणारच होतो, साहेब. सही झाल्यावर.”

“सही झाल्यावर सांगून काय उपयोग? संशय आला की सांगायचं. पहिल्या प्रश्नाच्या आधी.”

मग माझ्याकडे वळून ते सावकाश म्हणाले, “दुर्बीण चोरल्याचा तुझ्यावर संशय हाय. बोलायची तुझ्यावर सक्ती न्हाई. बोललास तर ते लिहून घेतलं जाईल, आणि तुझ्याविरुद्ध वापरता येईल. कळलं? आता सांगायचं असलं तर सांग.”

“मी घेतली न्हाई, साहेब. फळीवर ठेवली.”

“मग चूक माझी का म्हणालास?”

मी नारळाची रीत सांगितली. हवालदार हसले, साहेब हसले नाहीत. ते आमच्याच रामनगरचे, त्यांना गाऱ्हाणं ठाऊक होतं. “गावात चालतं ते. हितं नारळ न्हाई, हितं कोर्ट हाय.”

“पण साहेब, सुट्टी?”

“गाव कुठं पळून जात न्हाई.”

रीतसर चौकशी झाली. तिथल्या अधिकाऱ्यांनीही तेच वाक्य मला आधी वाचून दाखवलं. साहेब माझा मदतनीस म्हणून शेजारी बसले होते. पुढे दुर्बीण सापडली, दुरुस्तीला गेलेल्या ट्रकच्या सीटखाली. माझी कापणी मात्र चुकली, आणि महिनाभर मी मनातल्या मनात साहेबांवरच चरफडत होतो. सही केली असती तर घरी पोचलो असतो, पण कायमचा आणि चोर म्हणून, हे उमजायला वेळ लागला.

निवृत्त होऊन साहेब रामनगरला आले आणि मग मीही आलो. भरतीला निघालेली मुलं त्यांच्या ओसरीवर बसायची. बाहेर कुणी धावायला शिकवो, साहेब आधी ते वाक्य पाठ करून घ्यायचे. नंदिगड्ड्याच्या एका माउलीला पलटणीतून मुलाच्या चौकशीचं पत्र आलं, तेव्हा गुडघे दुखत असतानाही ते तिच्या घरी गेले. ती विचारत होती, “माज्या पोरानं काय केलं वो?” साहेबांनी तिला शेजारी बसवून सांगितलं, “अजून नुसतं विचारलंय, आक्का. ठरवलं न्हाई.” त्या दिवशी ती माउली जेवली.

साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या आणि साहेब लेकीकडे पुण्याला गेले, त्याला दोन वर्षं झाली. घराची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी दारं-खिडक्या उघडून मी ओसरीवर थोडा वेळ बसतो. ट्रक जातात, गोव्याची बस थांबते, आणि कुणी उतरलं की मी मान वर करतो. फार आठवण येते, यापेक्षा वेगळं लिहिता येत नाही. इथल्या सत्काराला येणार का, म्हणून फोनवर विचारलं तर साहेब म्हणाले, “बघू.” चौकशीत असं उत्तर त्यांनी कुणाचं खपवून घेतलं नसतं.

साहेब, तुम्हाला शंभर वर्षं लाभोत, गुडघे धड राहोत, आवाज तसाच खणखणीत राहो. कापणी जवळ आली आहे आणि गाव अजून कुठं पळून गेलेलं नाही. नियमाप्रमाणे आधीच सांगतो: बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. पण एकदा ‘येतो’ म्हणालात, तर आम्ही ते लिहून घेऊ आणि तुमच्याविरुद्ध वापरू.