घडीवर कापलेला राजवाडा

नातीला शाळेतून टॅबवर एक खेळ दिलाय. प्रश्न सुटला की जगातली एकेक मोठी इमारत खेळातल्या आपल्या वहीत येऊन बसते. ताजमहाल आला, आयफेल टॉवर आला, चीनची भिंतसुद्धा आली. राहिला तो आमचा म्हैसूरचा राजवाडा. तीनदा चुकलं की ती इमारत कायमची बंद.

रविवारी दुपारी नात आणि माझा मुलगा टॅब घेऊन बसले होते. मी खाली बसून एका ब्लाउजला हुक लावत होते. पडद्यावर राजवाडा होता, पण समोरच्या कमानी गायब. लहानमोठ्या कमानी खाली पडलेल्या, त्या उचलून जागेवर लावायच्या. मुलानं सात सारख्या लावल्या. लाल दिवा. मग नऊ सारख्या. पुन्हा लाल.

"अय्यो बाबा! आता एकच चान्स राहिला!"

"फोनवर फोटो बघू की."

"नाही! बघून लावायचं नाही, टीचरनी सांगितलंय."

"म्हैसूरला जन्मून राजवाडा आठवेना. कुणाला सांगू नकोस हं, फॅक्टरीत हसतील मला."

मी सुई थांबवली. मला ठाऊक होतं. दसऱ्याला आमच्याकडे बाहुल्या मांडतात, त्यांच्या मागे लावायला मी एकदा मखमलीचा राजवाडा कापला होता. आधी सगळ्या कमानी सारख्याच कापल्या, तर तो शाळेच्या व्हरांड्यासारखा दिसायला लागला. मग खऱ्या राजवाड्यासमोर जाऊन इतका वेळ उभी राहिले, की पहारेकऱ्यानं काय हवंय म्हणून विचारलं.

पण बोलायचं कसं? मी काही म्हणायच्या आधी मनात तीनदा म्हणून बघते, तोवर लोकांचं बोलणं पुढे गेलेलं असतं. इकडे नातीनं मधल्या कमानीशेजारी मोठी कमान ठेवायला बोट टेकवलंच.

"थांब!" मी ओरडलेच. दोघं माझ्याकडे बघायला लागली. सांगण्यापेक्षा कापून दाखवणं मला सोपं. मग मी शेजारचा पेपर ओढला. ब्लाउजची पाठ कापतो तसा मधोमध दुमडला आणि अर्धाच कापला. घडीवर मोठ्या कमानीचा अर्धा भाग, तिला लागून एक बारकी, मग तीन मोठ्या. कागद उलगडून नातीपुढे धरला.

तिनं बोट ठेवून मोजलं. "सात मोठ्या... आणि मधलीच्या दोन बाजूंना दोन बारक्या!"

"आई, नक्की ना? चुकलं तर ही आठवडाभर माझ्याशी बोलणार नाही."

"नक्की," मी म्हणाले. आणि लगेच शंका आली. माझा राजवाडा बरोबर होता, पण खेळ बनवणाऱ्यानं तो नीट बघितला असेल का?

नातीनं एकेक कमान लावली. शेवटची लावली आणि टॅब गप्पच झाला. मग एकदम सगळे दिवे लागले, रविवारी संध्याकाळी लागतात तसे, आणि झगमगता राजवाडा गोल फिरत फिरत तिच्या वहीत गेला!

"आला, आला! अज्जीनं पेपर कापून राजवाडा आणला!" ओरडत ती शेजारी पळाली आणि तिथल्या काकूंना हाताला धरून घेऊन आली.

"हौदा?" त्या मला कानडीत म्हणाल्या. "खरंच? कसा कापला, दाखवा बघू."

मी स्वयंपाकघराकडे निघाले होते. वळले, आणि पेपरचं दुसरं पान घेतलं. "आधी मधोमध दुमडायचा," मी म्हणाले.