दारातली घागर

ग्रीकांच्या शोकांतिकेवर धाराशिवच्या वाचनालयात व्याख्यान होतं. प्राध्यापक पुण्याचे, धोतर कडक इस्त्रीचं, घसा मात्र बसलेला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. फुकट आहे म्हणून गेले आणि दुसऱ्या रांगेत बसल्या जागी गार पडले.

ते म्हणाले, चांगला माणूस एक चूक करतो, सगळं कोसळतं, आणि मग त्याला कळतं की हे आपल्याच हातून झालं. ते कळणं हा शोकांतिकेचा गाभा. आपल्याकडं हे लागू पडत नाही, कारण आपण सगळं नशिबावर ढकलून मोकळे होतो. लोक माना डोलवत होते. मला आमच्या अंगणातलं पेव दिसत होतं.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं ज्वारीचं कोठार. बरेच दिवस बंद असलं की आतली हवा विषारी होते. म्हणून तोंड उघडल्यावर आधी पेटता कंदील दोरीनं सोडायचा. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. निजामाचं राज्य, त्यात महायुद्धाचे दिवस. लेव्हीची, म्हणजे सरकारी सक्तीच्या धान्यवसुलीची माणसं ज्वारी न्यायला येणार अशी बातमी आली आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घाईनं पेव उघडलं. एरवी आतली हवा निघून जायला ते अख्खा दिवस थांबत. कंदील खाली गेला आणि विझला.

"तेल व्हतं का गं त्यात?" दादांनी विचारलं. घरची दिवाबत्ती माझ्याकडं होती.

कंदील काठोकाठ भरलेला होता. रेशनचं रॉकेल आईच्या चोरून मीच ओतलं होतं, संध्याकाळी वाचायला मिळावं म्हणून. आई शेजारीच उभी होती. "थोडंच व्हतं," मी म्हणाले.

दादांनी कंदील हलवूनसुद्धा पाहिला नाही. लेकीचा शब्द त्यांना पुरला. धाकटे काका कमरेला दोर बांधून उतरले. दोन हाकांना ओ आली, तिसरीला आली नाही. वर ओढले तेव्हा ते गेलेले होते.

त्या आकांतात दादांनी बाजूला पडलेला कंदील उचलला. आत तेल डुचमळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोलीस पाटील आले तेव्हा आई काही बोलायला गेली. दादांनी तिला हातानंच थांबवलं. "दिवा इझला व्हता. तरी म्या भावाला उतरवलं. माझंच चुकलं."

काकू तेव्हा माहेरी, येरमाळ्याला होती. सांजेला आली आणि तिनं एवढंच ऐकलं. गावानं नशिबाला बोल लावला, काकूनं नाही. दादा रोज सकाळी तिच्या दारात पाण्याची घागर भरून ठेवत. ती घागर ती मातीत ओतून देई आणि स्वतः विहिरीवर जाई. दादा मरेपर्यंत हे चाललं. मी रोज बघत होते आणि तोंड शिवून बसले होते. मला माझीच चीड येते.

व्याख्यान संपल्यावर मी उठून विचारलं, "ज्याला कळलंय त्यानं सांगितलंच नाही तर?"

प्राध्यापक हसले. "मग ती शोकांतिका अपुरी राहिली, बाई."

मी सरळ गावची मोटार धरली. काकू ओट्यावर ज्वारी पाखडत होती. "काकू, तुला सांगायचंय," म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. ती मारेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. ती माझ्याकडं बघेचना. सूप तसंच हातात धरून ती दारातल्या घागरीच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली.

"रोज ओतली गं म्या त्यांची घागर," ती म्हणाली. "रोज. त्यांच्या डोळ्यांदेखत."