पान उघडेना

तालुक्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या मावशी फोनवर रक्तपेढीची वेबसाइट उघडत होत्या. आत त्यांच्या लेकीचं बाळंतपण अडलं होतं, रक्त लागणार होतं, आणि त्यांना फक्त रक्तपेढीचा फोन नंबर हवा होता. पडद्यावर चक्र फिरत होतं. मग एका हसऱ्या बाळाचा अर्धा चेहरा उमटला, संगीत सुरू होऊन तुटलं, आणि पुन्हा चक्र. त्या अंगठ्याने काच पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

ती वेबसाइट मी ओळखली. वेबसाइट डिझाइनच्या एका स्पर्धेचा परीक्षक म्हणून मीच तिला पहिलं बक्षीस दिलं होतं. ऑफिसच्या वेगवान नेटवर त्या हसऱ्या बाळाचा व्हिडिओ पाहताना मी गहिवरलो होतो. सुंदर गोष्टीसमोर आपण थांबतो, कारण आपल्याजवळ थांबायला वेळ असतो. फोन नंबर कुठे आहे, हे मी शोधलंच नव्हतं.

शेवटी सिस्टरांनी भिंतीवरच्या कागदावरून नंबर वाचून दाखवला. फोन लागला, रक्त मिळणार होतं. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि ओशाळून मला म्हणाल्या, "आमचाच फोन जुना हो, दादा."

"फोन चांगला आहे, मावशी," मी म्हणालो. त्यापुढचं खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.