‘ओपन’ म्हणजे चालू की बंद?

मी रामटेकजवळच्या राइस मिलमध्ये पोचले, तेव्हा नामदेवराव आपली हत्यारं पिशवीत भरत होते. ते या मिलचे जुने इलेक्ट्रिशियन. मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

तांदूळ निवडायची चिनी मशीन बसवून दोनच दिवस झाले होते. तांदूळ वर नेणारा पट्टा ढिला झाला, म्हणून मशीन थांबलेली असताना नामदेवरावांनी स्विच फिरवून आत हात घातला. ही मशीन तांदूळ संपला की आपोआप थांबते आणि आला की सुरू होते. मागून तांदूळ पडला आणि पट्टा फिरला. हातमोजा ओढला गेला, बोटं थोडक्यात वाचली.

मी चिनी भाषेची ट्रान्सलेटर. ‘आधी स्विच बंद करा’ असं मॅन्युअलमध्ये आहे का, ते वाचून दाखवायला मालकांनी मला रामदासपेठेतल्या ऑफिसातून बोलावलं होतं. तसं होतं, आणि मी वाचून दाखवलं.

“पाह्यलं? सरळ लिहून आहे,” मालक म्हणाले. “अन् यानं बंदच नाही केलं.”

नामदेवराव माझ्याकडे वळले. “मॅडम, स्विच क्लोजवर होता, मीच तो ओपनवर केला. आमच्या लाइनीत सर्किट क्लोज म्हणजे करंट चालू, ओपन म्हणजे करंट तुटला. अजून काय बंद करू?”

मी स्विच पाहिला. चिनी अक्षरांखाली इंग्रजी स्टिकर होते, ओपन आणि क्लोज. ते शब्द मीच दिले होते. मिलकडून एक्सेलमध्ये शब्दांची यादी आली होती आणि कुठला शब्द मशीनवर कुठे आहे, हे न विचारता मी ती तासाभरात उरकली होती.

ओपनच्या वरचं अक्षर होतं 开. उच्चार साधारण ‘खाय’, आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतो तसा. अक्षर साधं, पण कामं ढीगभर. दुकान उघडतं, गाडी चालवतात, पाणी उकळतं, फूल उमलतं, मीटिंग भरते, डॉक्टर औषध लिहून देतो, सगळीकडे हेच. नळावर ते ‘उघडा’ असतं, विजेच्या स्विचवर ‘चालू’. त्याच्या उलट 关. दार, दुकान, दिवा, तिन्हींना आपण मराठीत जसं ‘बंद’ म्हणतो, अगदी तसं. मराठीत लिहिलं असतं तर काम झालं असतं. मला इंग्रजीचा शहाणपणा नडला.

गप्प बसले असते तरी चाललं असतं, तिथे चिनी येणारं दुसरं कोणी नव्हतं. तो विचार मनात आला, याची मला आजही लाज वाटते.

“यांनी स्टिकर बरोबर वाचला,” मी मालकांना म्हणाले. “स्टिकरच चुकीचा आहे. आणि तो माझा आहे.”

नामदेवराव म्हणाले, “टेस्टर तं मीबी नाही लावला, मॅडम. अर्धी चूक माझी धरा.”

मालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, “पिशवी ठेव गा नामदेव. पट्टा अजून ढिलाच आहे.”

त्याच दुपारी आम्ही स्टिकर बदलले, साध्या मराठीत, चालू आणि बंद. आता कोणी शब्दांची यादी पाठवली की मी आधी फोटो मागते. एवढ्याशा अक्षराला फोटो लागतो म्हणजे मॅडमचं चिनी कच्चं दिसतं, असं काही क्लायंटना वाटतं. वाटू दे. नामदेवरावांची दहाही बोटं अजून कामावर आहेत.