यमुनाबाईंचा हातचा

चुकलेल्या उत्तरावर यमुनाबाई कधी फुली मारत नसत. पाटी डोळ्यांशी धरून विचारायच्या, "हे बरोबर कधी ठरेल गं?" तीस सालच्या आसपास सोलापुरात आमच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत. विधवा, एकट्या. अंगावर कायम पांढरं लुगडं, आणि त्यावर खडूची भुकटी दिसत नाही म्हणून खूश.

मी मराठी सातवी झाले आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शाळा बंद केली. सांगोल्याचं स्थळ चालून आलं होतं. एका संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि बाई दारात उभ्या. अण्णा कचेरीत हेडक्लार्क, स्वभावानं करारी.

"बाई, चहा घ्या. पण शाळेचा विषय नको."

"नाही काढत की," म्हणत बाईंनी माझी पाटी ओढली आणि लिहिलं: २४ + १५ = ४२.

अण्णा हसले. "एकोणचाळीस. तुमचीच बेरीज चुकली."

"दहा-दहाचे गट केले तर चुकली. कितीचे केले तर बरोबर येईल?"

"मोजणं दहानंच असतं."

"बोटं दहा आहेत म्हणून. आठ असती तर?"

अण्णांचा चहा निवत चालला. मला राहवेना. "चार आणि पाच नऊ. खाली लिहिलेत दोन. म्हणजे सातांचा एक गट उचलला, तोच हातचा. दोन, एक आणि हातचा एक, चार. सातांचे गट!"

अण्णांनी बोटांवर पडताळून पाहिलं आणि पाटी बाईंपुढे सरकवली. "आणखी एक घाला."

बाईंनी लिहिलं: १२ + १३ = २५.

"दहा!" अण्णा म्हणाले.

"सहाही चालेल, सातही," मी म्हटलं.

"हातचाच गेला नाही, तर गट कितीचा हे कळणार कसं?" बाई म्हणाल्या. "पाचाहून मोठा, एवढंच खरं. त्यापुढं कळत नाही, हेही उत्तरच."

दिवे लागले तरी अण्णा गणितं घालून घेत होते. बाई उठल्या तेव्हा म्हणाले, "वर्षभर येऊ दे पोरगी शाळेत. पुढचं पुढं." वर्षाची वर्षं झाली. सांगोल्याची माणसं थांबली नाहीत. आईला त्याचं लई दिवस वाईट वाटत राहिलं.

मी मॅट्रिक झाले तेव्हा बाई तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. अण्णा आणि मी पेढे घेऊन गेलो. मार्क त्यांनी विचारलेच नाहीत.

"सुटलं नाही ते कुठलं?"

"भूमितीतलं. वर्तुळ आणि दोन स्पर्शिका. पण बाई, बरं वाटल्यावर..."

"सांग गं."

मी त्यांना उशीला टेकवून बसवलं आणि प्रश्न सांगितला. त्या चादरीवर बोटानं वर्तुळ काढत राहिल्या. "बाहेरचा बिंदू कुठं धरलास? नको, नको, सांगू नकोस." आम्ही निघालो तरी मान वर केली नाही.

पहाटे बाई गेल्या. स्मशानातून परतल्यावर अण्णांनी अंघोळ केली, ओट्यावर येऊन बसले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "ते वर्तुळाचं मला नीट सांग बघू."