मी न वाचलेला परिच्छेद

मी आजवर पुष्कळ लिहिलं. पत्रकं लिहिली, निवेदनं लिहिली, दुसऱ्यांच्या खोटेपणावर तर पानंच्या पानं लिहिली. हे मात्र कधी लिहिलं नाही. बोललेही नाही कुणाजवळ. जिच्याविषयी आहे ती शेजारच्या खोलीत बसून गवारीच्या शेंगा मोडतेय, तिच्याजवळही नाही.

कुठून सुरू करू? आवाजापासूनच करते.

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा लिहायचे आणि माय वाचायची. आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी एक उलटं क्रेट ठेवायचं, त्यावर माय उभी राहायची आणि माईकशिवाय वाचायची. फवारणी करताना तोंडाला काय बांधायचं, रेशन दुकानदारानं पावती दिली नाही तर कुठं जायचं, अंगात येणाऱ्या बाईकडे पोराला न्यायचं की दवाखान्यात. बाबांच्या वाक्यांत आग होती, पण ती लोकांपर्यंत पोचायची मायच्या गळ्यातून. खालचा मिरचीवाला ओरडायचा, "अवो वहिनी, तुमचं होऊ द्या अगोदर, माहं गिऱ्हाईक बी तुमच्याकडंच पाहून राह्यलं!" बाबा गेले, मग मी लिहू लागले. वाचायची मायच.

नालवाडीच्या आमच्या गल्लीत ती मला हाक मारायची तेव्हा तीन घरं सोडून लोक सांगायचे, जा, बोलावलंय. तेव्हा मला त्या हाकेची लाज वाटायची — आता सांगते, त्या एका हाकेसाठी मी काय देईन याचा हिशोब मला करता येत नाही.

तिचा आवाज बसायला लागला तो हळूहळू. आधी खरखर, मग सतत घसा साफ करणं, मग बोलता बोलता अर्ध्या वाक्यात हवाच. तिला वाटायचं सर्दी आहे. जिल्ह्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नाकातून दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पोटातलं आम्ल झोपेत वर येत असावं आणि त्यानं स्वरयंत्र लाल झालं असावं. असावं — हा शब्द मला तेव्हाच खटकला होता. रात्री उशिराची भाकर, तिखट ठेचा, दिवसातून सात वेळा चहा, हे सगळं बंद करायला सांगितलं. आणि म्हणाले, आमच्याकडे याच विषयावर संशोधन चालू आहे, यायचं का?

संशोधन करणारी मॅडम माझ्याच वयाची होती. तिनं संमतीचा कागद घरी वाचायला दिला. तीन पानं, बारीक अक्षर. मायचा चष्मा जुना झालेला. ती म्हणाली, "तूच वाच वो. मी आयकतो."

मी वाचला. दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. आम्ल कमी करणारी गोळी आवाजाच्या त्रासावर खरोखर उपयोगी पडते का, हे आम्हाला अजून नीट माहीत नाही, म्हणून हा अभ्यास आहे. निम्म्या लोकांना ती गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसेल. तीन महिन्यांनंतर ज्यांना गरज असेल त्या सगळ्यांना औषध दिलं जाईल.

तो परिच्छेद मी वाचला नाही. म्हणजे डोळ्यांनी वाचला आणि तोंडानं गाळला.

का? मला भीती वाटली की ती नाही म्हणेल. रिकाम्या गोळीसाठी महिन्याला दोन खेपा कोण घालणार? आणि मला तर तिचा आवाज परत हवा होता, घाईनं, कसाही. शिवाय — हेही लिहिते — तो परिच्छेद मला आवडलाच नव्हता. आमच्या पत्रकांत 'आम्हाला माहीत नाही' असं वाक्य आजवर एकदाही आलं नाही. कागदावर इतकं सरळ कबूल करणारं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते मला दुबळं वाटलं.

दवाखान्यात मॅडम पुन्हा तोंडी समजावून सांगायला लागली, तर मायनंच थांबवलं. "राहू द्या मॅडम. माह्या पोरीनं सबन वाचून दाखवलं. ते लेखिका हाये." मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. साक्षीदाराच्या जागी सही केली.

दर खेपेला तिथं मायचा आवाज ध्वनिमुद्रित व्हायचा. एका लहानशा बंद खोलीत बसून 'आ' जितका लांबवता येईल तितका लांबवायचा, मग वीसपर्यंत आकडे, मग एक उतारा वाचायचा. उताऱ्यानंतर माय स्वतःहून बाबांचं एक जुनं पत्रक म्हणून दाखवायची — पाठच होतं तिला. मॅडम तेही नोंदवून घ्यायची, हसत. आवाजाचे व्यायाम होते, पथ्य होतं, गोळी होती. तिसऱ्या खेपेला आवाज उघडला. पूर्ण नाही, पण तिचा. मॅडमनं तो हेडफोनवर ऐकवला आणि माय लहान मुलीसारखी तोंडावर हात ठेवून हसली. "हे मीच हाओ काय वो? पोट्टी बोलून राह्यली असं वाटते!"

मलाही ऐकवला. बाबांची वाक्यं, तिच्या गळ्यात. बाजारातले माझ्या मोबाईलवरचे दोन व्हिडिओ आहेत, पण त्यांत भोंगे आहेत, मिरचीवाला आहे, ती नाही. या बंद खोलीतल्या नोंदीत ती एकटी होती, स्वच्छ.

पुढच्या खेपेला दवाखान्याबाहेरच्या बाकावर एका बाईनं तिला सांगितलं की अर्ध्यांच्या गोळ्या रिकाम्या आहेत. माय घरी आली ती चप्पल न काढताच उभी राहिली.

"मले काऊन नाई सांगतलं त्या मॅडमनं? आपल्याले येडं समजते काय हे लोकं?"

तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं. सांगितलं होतं, माय, मी गाळलं. एवढंच. किती वेळ लागला असता? पण तिचे डोळे माझ्यावर नव्हते, ते त्या दवाखान्यावर होते, आणि मला त्या डोळ्यांच्या वाटेत यायचं नव्हतं. मी गप्प राहिले. मग गप्प राहण्यापेक्षाही वाईट केलं. पत्रक लिहिलं.

चांगलं उतरलं होतं ते, हे सांगायला आजही लाज वाटते. 'गरिबांपासून लपवलेलं सत्य' असा मथळा. शेवटची ओळ — 'आमचा आवाज आम्हाला परत द्या'. आणि ते बाजारात वाचलं कुणी? मायनंच. नुकताच उघडलेला गळा ताणून, क्रेटवर उभं राहून, माझं खोटं तिनं खरं समजून वाचलं. दोनदा वाचलं, कारण मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. त्यानंतर त्या बाकावरच्या किती जणांनी जाणं सोडलं, ते मी कधी विचारलं नाही.

अभ्यासातून नाव काढायचा अर्ज घेऊन आम्ही गेलो. माय बाहेर बसली. तिला त्या मॅडमचं तोंड पाहायचं नव्हतं. आत मॅडमनं काहीच वाद घातला नाही. फक्त तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या पानावर, त्या परिच्छेदावर, बोट टेकवलं. मग तिसरं पान उलटलं. तिथं माझी सही होती.

ती बाहेर जाऊन मायला दाखवू शकली असती. दाखवलं नाही. एवढंच विचारलं, "आवाजाच्या नोंदी ठेवू की पुसू? तुमचा अधिकार आहे."

मी म्हटलं, पुसा.

"एक प्रत तरी घेऊन जा. आईंसाठी."

मी म्हटलं, "आम्हाला तुमचे उपकार नकोत."

हे वाक्य मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं नाही. टेबलाकडे बघत म्हटलं. प्रत घ्यायची म्हणजे तिच्या हातून घ्यायची, आणि तिला सगळं कळलेलं होतं. तिनं माझ्यासमोरच पुसलं. बाहेर येऊन मी मायला सांगितलं, झालं, नाव काढलं. पुसल्याचं सांगितलं नाही.

तिची गोळी खरी होती की रिकामी, हे आता कधीच कळणार नाही. आवाज परत बसत गेला, तरी कुठल्या दवाखान्यात जायला ती वर्षभर तयार नव्हती, आणि मी आग्रह धरला नाही — आग्रह धरला असता तर जुना कागद निघाला असता ना. शेवटी गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी, आता उशीर झाला, म्हणून मान हलवली. आता ती कुजबुजते. मला बोलवायचं असेल तर ताटावर चमचा वाजवते. ती शिकवते त्या अंगणवाडीतली पोरं आता तिच्या अगदी जवळ येऊन उभी राहतात, कान देऊन.

बाजारात मीच वाचते. माझा आवाज चिरका आहे. माय खाली उभी राहून हातानं खूण करते, हळू, श्वास घे.

आणि तिचा राग कधीच गेला. परवा शेजारणीला सांगत होती, मी दारात थबकून ऐकलं. "गोळी खोटी होती, पन आवाज तं माहाच होता ना वो. तिथं ठेवेल हाये त्यायनं, मशीनमंदी. तिच्या बाबाचं पत्रक हाये त्यात."

रोज सकाळी ती ओट्यावर बसून मॅडमनं शिकवलेला 'आ' लावते. आवाज येत नाही, वारा येतो. बोटांवर आकडे मोजते. मी आत उभी राहून मोजते. आज अकरापर्यंत गेली, म्हणून खूश होती. मला जवळ बोलावून कानात म्हणाली, "एकदा नेजो मले तिथं. मांगचा आयकून पायतो, किती फरक हाये तं."

मी म्हटलं, नेते.

"कधी?"

सोमवारी, म्हटलं.