‘मित्र’ न लिहिणारा सबटायटल

सबटायटलला हळू बोलता यायचंच नाही. नेदरलँड्समधल्या आमच्या डेल्फ्टहून सुटणाऱ्या ट्रेनच्या शांत डब्यातही पठ्ठ्या खणखणीत मराठीत बोलायचा. तो इथे पीएचडी करत होता. फ्रेंच सिनेमांचं भारी वेड. लॉकडाऊनमध्ये आमचं मराठी मंडळ ऑनलाइन सिनेमे दाखवायचं, त्यांची मराठी सबटायटलं तोच लिहायचा, म्हणून हे नाव.

शब्दांच्या बाबतीत महाहट्टी! माझ्या खिडकीबाहेर दीड मीटरवर सायकल धरून उभा राहायचा, मी दिलेले पोहे खात. "वहिनी, ती बाई ‘मर मेल्या’ म्हणतेय, तिथे मी ‘कृपया जा’ लिहू होय?"

एकदा त्याने एका तरुणाचा सिनेमा निवडला. त्या तरुणाला दुसरा तरुण हवासा वाटतो आणि तो ते लपवत नाही, एवढीच गोष्ट. मंडळाचे अध्यक्ष हादरले. मीटिंगमध्ये म्हणाले, "अरे, बायकामुलं बघतात. ‘प्रियकर’ कशाला? ‘मित्र’ लिही की."

"मित्र तर तुम्हीही आहात, काका. तुमच्यासाठी मी घर सोडेन का?"

मला हसू आवरेना. पण सांगलीहून त्याची आई प्रत्येक सिनेमा बघायची, आणि स्वतःबद्दल तो तिला अजून काहीच बोलला नव्हता, हे मला माहीत होतं. मी त्याला तसं म्हटलंही. "आईपुढे ‘मित्र’ लिहून सुटू? तिशी आली माझी. छ्या!" लिंक पाठवणं माझं काम. पाठवू नका, असा अध्यक्षांचा निरोप आला. मी पाठवली. का नाही पाठवायची?

सिनेमा संपला. स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे चौकटींत परत दिसू लागले. मग त्याच्या आईनेच माइक चालू केला. "तुला रे एवढं नेमकं कसं लिहिता आलं?"

"कारण मीही तसाच आहे, आई."

आईची चौकट काळी झाली. दुसऱ्या दिवसापासून तिचा रोजचा फोन बंद. मंडळाने त्याला ग्रुपमधून काढलं, तेव्हा मीही राजीनामा फेकला. कसलं मंडळ नि कसलं काय!

वर्षभराने तो नोकरीसाठी फ्रान्सला निघाला. स्टेशनवर मास्कआडून मी म्हटलंच, "एक शब्द बदलला असतास, तर आई रोज फोन करत असती रे."

"मला कुठे करायची, वहिनी? तिच्या मनातल्या मुलाला करायची. आता येईल तो फोन माझा."

अजून आलेला नाही. मला फार राग येतो त्या माउलीचा, आणि वाईटही वाटतं. त्याने मात्र फ्रान्समध्येही जुना डच नंबर चालू ठेवलाय.